हिंगोलीची सायकल, लडाखचे घाट

मनालीहून लेहकडे निघालेल्या रस्त्यावर सरचूचं पठार मागे पडलं की गाटा लूप्स लागतात. डोंगराच्या एकाच अंगावर रस्त्यानं घेतलेली एकवीस वळणं. पायथा साधारण ४,२०० मीटरवर, माथा ४,६०० मीटरच्या पुढे. मोटारीतले प्रवासी खिडकीतून वळणं मोजत बघता बघता वर पोचतात. सायकलवाल्याचे तिथे दीड-दोन तास सहज जातात आणि तेवढा सगळा वेळ आपण चढून आलेला रस्ता त्याला पायाखाली दिसत राहतो. मागून येणारा ट्रक तीन वळणं खाली असतानाच त्याचा हॉर्न ऐकू येतो.

फ्रान्समधल्या आल्प द्युएझ या घाटालाही एकवीसच वळणं आहेत. १९५२ साली तूर द फ्रान्स ही शर्यत पहिल्यांदा या घाटावर चढली, इटलीचा फाउस्तो कोप्पी तिथे जिंकला, आणि तेव्हापासून जगभरचे सायकलस्वार आयुष्यात एकदा तरी तिथे जायचं म्हणून पैसे साठवतात. त्या घाटाचा माथा १,८५० मीटरच्या आसपास आहे. मनाली गावच मुळी २,०५० मीटरवर वसलेलं आहे. युरोपातला सायकलस्वार जिथे पोचून हात वर करतो, त्याहून उंचावरून आपल्याकडच्या प्रवासाची सुरुवात होते. आल्प्समधली सगळ्यात उंच पक्की खिंड, कोल द लिझरां, २,७६४ मीटरवर आहे. लेह शहर तिच्याही सातशे मीटर वर, ३,५०० मीटरवर आहे.

एवढी उंची आपल्याच देशात आहे, आणि तिथे जायला परदेशी व्हिसा लागत नाही की परदेशी चलन. लागतात ते दिवस. उंच डोंगरातल्या सायकलसहलीबद्दल मराठी घरांतून सगळ्यात आधी विचारलं जातं ते पायांच्या ताकदीबद्दल आणि सायकलच्या किमतीबद्दल. प्रत्यक्षात ही सहल बहुतेकांची फसते ती रजा कमी पडल्यामुळे.

हिंगोली जिल्हा या बाबतीत मुद्दाम समोर ठेवण्यासारखा आहे, कारण उंच डोंगर आणि हा जिल्हा यांचा वरकरणी काही संबंध नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. वसमतची हळद, कयाधूचं पात्र, सोयाबीनची रानं. सायकल इथे घरोघरी माहीत आहे, पण ती शाळेची, शेताची, दुधाच्या कॅनची. सुट्टीसाठी सायकल घेऊन हिमालयात जायचं म्हटलं तर घरातली वडीलधारी माणसं काळजीत पडतात, आणि ती काळजी अगदीच अस्थानी नसते.

तरीही उत्तरेकडे लांबची वाट धरण्याची आठवण या जिल्ह्याला आहे. हिंगोलीजवळचं नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. तेराव्या-चौदाव्या शतकात हा माणूस पंजाबपर्यंत गेला, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिला आणि त्याच्या ६१ रचना गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाल्या. २०१५ साली ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला झालं. अलीकडे पंढरपूरहून घुमानला वारकऱ्यांची सायकलयात्राही निघते. हे अंतर दोन हजार किलोमीटरच्या पुढे जातं. पन्नाशी-साठी उलटलेली माणसंसुद्धा त्यात पेडल मारताना दिसतात. लांब पल्ला ही आपल्या माणसांची अडचण नव्हेच. घुमान सपाटीवर आहे. खरी गोष्ट त्याच्या उत्तरेला, चढ सुरू झाल्यावर बदलते.

काय बदलतं, हे एका चिवड्याच्या पाकिटावरून कळतं. हिंगोलीच्या दुकानातून घेतलेलं सीलबंद पाकीट सायकलच्या पिशवीत टाकून नेलं तर मनाली-लेह वाटेवरच्या, ४,६०० मीटरवरच्या पांगला पोचेपर्यंत ते टम्म फुगलेलं असतं. आतली हवा हिंगोलीची, बाहेरची पांगची. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब उतरलेला असतो. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या जवळपास असतो, तर तंगलंग ला या ५,३२८ मीटरवरच्या खिंडीत जवळजवळ निम्मा. तेवढाच श्वास घेतला तरी रक्ताला मिळणारा प्राणवायू कमी. पांगच्या ढाब्यावर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळू लागतं, म्हणून तिथे डाळ-भात कुकरशिवाय शिजत नाही. जे डाळीचं, तेच फुप्फुसांचं: जास्त वेळ द्यावा लागतो.

साधारण १,५०० मीटरच्या वर दर शंभर मीटरला शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता अंदाजे एका टक्क्यानं घटते, असा शरीरशास्त्राचा ढोबळ हिशेब आहे. तंगलंग ला गाठेपर्यंत ती एक-तृतीयांशाहून जास्त गेलेली असते. सायकलस्वार आणि सामान मिळून ८५ किलो वजन धरलं आणि सहा टक्क्यांच्या चढावर ताशी सात किलोमीटरचा वेग धरला, तर सुमारे शंभर वॉट शक्ती लागते, म्हणजे जुन्या शंभरच्या पिवळ्या बल्बइतकी. हिंगोली-औंढा रस्त्यावर रोज सायकल चालवणारा कुणीही धडधाकट माणूस एवढी शक्ती तासन्‌तास देऊ शकतो. पाच हजार मीटरवर तोच शंभर वॉटचा बल्ब त्याची दमछाक करतो.

म्हणून गिअरचा प्रश्न महत्त्वाचा. बाजारात रोड सायकल घेताना विक्रेता वेगाचं बोलतो. डोंगरात जाणाऱ्यानं सगळ्यात हलक्या गिअरचं विचारावं. पुढच्या चकतीला ३४ दाते आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीलाही ३४ असतील, तर पेडलच्या एका फेऱ्याला चाक एकदाच फिरतं आणि सायकल सुमारे २.१ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर वेग ताशी साडेसात किलोमीटर. घाटात हाच वेग हवा. यापेक्षा जड गिअर असेल तर साठ फेऱ्या टिकत नाहीत, माणूस उभा राहून पेडल मारू लागतो, धाप लागते आणि गुडघे बोलू लागतात. सामान वाहायचं असेल तर मागची चकती त्याहूनही मोठी घ्यावी. टायर जरा रुंद असावेत. वितळलेल्या बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहतं तिथे डांबर टिकत नाही, नुसते गोटे उरतात, आणि अतिबारीक टायर तिथे तग धरत नाहीत.

आता दिवसांचा हिशेब. उंचीवरच्या आजाराबद्दल डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याच्या जागेची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. दिवसा कितीही वर चढा. मोजायची ती रात्रीची उंची. आल्प्समधल्या सहलीत हा प्रश्न येतच नाही, कारण तिथला सायकलस्वार संध्याकाळी घाट उतरून हजार मीटरवरच्या हॉटेलात झोपतो. मनाली-लेह रस्त्यावर चार-पाच रात्री चार हजार मीटरच्या आसपास किंवा वरच काढाव्या लागतात.

मनालीत दोन रात्री. मग मढीला, ३,३०० मीटरच्या आसपास. तिथून ३,९७८ मीटरवरचा रोहतांग ओलांडून लाहौलमध्ये उतरायचं. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि लेहकडे जाणारी बहुतेक वाहतूक खालून जाऊ लागली. सायकलवाल्याला रोहतांगचा जुना रस्ता त्यामुळे पूर्वीपेक्षा मोकळा मिळतो. मनालीपासून माथ्यापर्यंत ५१ किलोमीटर आणि एकोणीसशे मीटरची चढाई. पुढे केलाँग, जिस्पा, दारचा. भागा नदीच्या काठानं जाणारा हा सगळ्या प्रवासातला सुखाचा भाग. जिस्पाची उंची ३,२०० मीटर आणि सरचूची ४,२९०. बरेच उत्साही लोक हे अंतर एकाच दिवसात मारतात, कारण मधली बारालाचा खिंड चढली की उतार लागतो आणि अंगात जोर असतो. चूक नेमकी इथेच होते. एका दिवसात झोपण्याची उंची हजार मीटरनं वाढते आणि रात्री दोन वाजता डोकं ठणकायला लागतं.

सरचूला अडकणं का वाईट, हे नकाशा उभा धरून पाहिलं की समजतं. उंचीच्या आजारावर एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे खाली उतरणं. पण सरचू दोन खिंडींच्या मधल्या खळग्यात आहे. मागे ४,८९० मीटरची बारालाचा, पुढे ५,००० मीटरहून उंच लाचुंग ला. कुठल्याही बाजूनं खाली जायचं तर आधी वर चढावं लागतं, आणि आजारी माणसाला तेच झेपत नाही. म्हणून जिस्पानंतर पटसेऊ किंवा झिंगझिंगबारला मुक्काम करून, शरीराला सवय लावूनच सरचूत झोपायला जावं. एक दिवस वाचवण्याच्या नादात इथे सगळी सहल पणाला लागते.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं आणि झोप न लागणं ही पहिली लक्षणं. ती दिसली तर वर जायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी बहुतेक जण दुसऱ्या दिवशी ठीक होतात. बसल्या जागी धाप लागणं, छातीत घरघर, गुलाबी फेसाची थुंकी ही फुप्फुसांत पाणी साठल्याची खूण. माणूस झोकांड्या खाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला तर मेंदूला सूज आलेली असते. जमिनीवर रेघ ओढून तिच्यावरून टाचेला बोट लावत चालायला सांगायचं. नाही जमलं तर सकाळची वाट न पाहता मिळेल त्या गाडीनं खाली न्यायचं. आपल्याकडे सोबत्याला ‘थोडा दम धर, सवय होईल’ असं म्हणण्याची पद्धत आहे. तिथे या वाक्यानं जीव जाऊ शकतो. डायमॉक्ससारखी गोळी घ्यायची की नाही हे आपल्या डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवावं, ढाब्यावर कुणी दिली म्हणून घेऊ नये.

महाराष्ट्रातून लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये ज्यांची नावं झाली त्यांत डॉक्टर बरेच आहेत, हा योगायोग बोलका आहे. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन हे भाऊ २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. दोघांनी आळीपाळीनं सायकल चालवत पॅसिफिकच्या किनाऱ्यापासून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरचं अंतर कापलं. वाटेत रॉकी पर्वतातली ३,३०० मीटरची वुल्फ क्रीक खिंड लागते. २०१७ साली लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकेकट्यानं, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. समर्थांनी पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिव्होस्तोक ही नऊ हजार किलोमीटरची शर्यतही केली. नागपूर काही डोंगरात नाही. ते हिंगोलीपेक्षाही सखल भागात आहे. सपाटीवर राहणाऱ्यानं डोंगराची स्वप्नं पाहू नयेत, या समजुतीला यापेक्षा वेगळं उत्तर नको.

तयारीसाठी हिंगोलीकराला लगेच हिमालय लागत नाही. औंढा नागनाथाचा परिसर डोंगराळ आहे, कळमनुरी आणि सेनगाव तालुक्यांतही चढ-उताराचे रस्ते आहेत. साठ मीटर उंचीची एखादी टेकडी दहा वेळा चढली की सहाशे मीटर होतात. मनाली ते रोहतांग एवढी चढाई व्हायला तीच टेकडी तीसहून जास्त वेळा चढावी लागेल. हे कंटाळवाणं आहे आणि त्यातच त्याचा फायदा आहे, कारण रोहतांगचा दिवसही सात-आठ तास एकाच लयीत पेडल मारण्याचा असतो. उन्हाळ्यातला समोरून येणारा वारा हाही एक चढच समजावा. बेचाळीस अंशांत नाही, पहाटे. कुठल्याही चढावर सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे.

त्यापुढची पायरी चिखलदरा. विदर्भातलं हे थंड हवेचं ठिकाण वाशीम-अकोल्याच्या वाटेनं हिंगोलीकरांना महाबळेश्वरपेक्षा जवळ पडतं. परतवाड्याहून मेळघाटातल्या घाटरस्त्यानं वर गेलं की अकराशे मीटरवर पोचता येतं. लांब चढ आणि त्यानंतरचा लांब उतार यांची ओळख तिथे होते. उतारावर ब्रेक सतत दाबून धरायचे नाहीत. वळणाआधी वेग पुरता कमी करायचा आणि वळणात सोडायचे, हे चिखलदऱ्यात शिकलेलं तंगलंग लावरून उतरताना उपयोगी पडतं, कारण तिथे साठ किलोमीटरचा उतार आहे आणि हात थंडीनं बधिर झालेले असतात. एखाद्या उन्हाळ्यात निलगिरीतलं उटी किंवा हिमाचलमधली ३,१२० मीटरची जलोरी खिंड करून यावी. लडाखचा विचार त्यानंतर.

मग जायचं कधी? शाळा-कॉलेजच्या मे महिन्याच्या सुट्टीत या मार्गावरच्या उंच खिंडी बर्फाखाली असतात किंवा नुकत्या उघडत असतात. जुलै-ऑगस्टमध्ये कुल्लू-मनालीच्या बाजूला पाऊस आणि दरडी. लडाख पर्जन्यछायेत आहे. लेहला वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, पण तिथवर पोचायचा रस्ता हिमाचलच्या पावसातून जातो. उरतो सप्टेंबर. नाल्यांना पाणी कमी झालेलं, आभाळ स्वच्छ. आपल्याकडे पोळा झालेला असतो, सोयाबीन शेंगा भरत असतं आणि काढणीला अजून वेळ असतो. शेती असणाऱ्या हिंगोलीकराला घरातून निघता येईल असे पंधरा-वीस दिवस वर्षात कुठले, असं विचारलं तर बहुतेक हेच दिवस निघतील. सरचूला रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, तेवढी तयारी ठेवावी. नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली गाठता येते. सायकल खोक्यात बांधून, हँडल आणि पेडल सोडवून, आधी पार्सल कार्यालयात चौकशी करून न्यावी. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि दारचाच्या पुढे नेटवर्कवर भिस्त ठेवू नये.

या रस्त्यावरचा मुक्काम म्हणजे भरतपूर किंवा पांगचे पॅराशूटच्या कापडाचे तंबू. आत भिंतीलगत गाद्यांची लांब रांग, गाद्यांवर जाड रजया, मध्ये चूल आणि तिच्यावर राजमा. सायकलवाला संध्याकाळी आत येतो, भूक मेलेली असली तरी गरम थुकपा घशाखाली उतरवतो, पाण्याची बाटली गोठू नये म्हणून रजईत घेऊन झोपतो आणि पहाटे निघतो. पहाटे निघण्याला कारण आहे. दुपारी ऊन चढलं की बर्फ वितळून रस्त्यावरच्या ओढ्यांना पाणी वाढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला तीन वाजता गुडघ्याला लागतो.

वाटेत डांबराची पिंपं तापवणारे, खडी पसरणारे कामगार भेटतात. सीमा रस्ते संघटनेच्या या कामावर झारखंडमधून आलेले अनेक जण असतात, तेही कमी उंचीच्या मुलखातलेच. हवा विरळ असताना, तोंडाला फडकं बांधून ते ज्या रस्त्यावर महिनोन्‌महिने राबतात, त्यावरून सायकलवाला सुट्टीसाठी जात असतो. त्यांना थांबून रामराम केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

लेहला पोचल्यावर खारदुंग लाचा मोह होतोच. शहरापासून चाळीस किलोमीटर, उंची ५,३५९ मीटर. तिथे वर्षानुवर्षं १८,३८० फुटांचा फलक होता. प्रत्यक्ष मोजणीत ती उंची साडेसतरा हजारांच्या आसपास निघाली. आता त्याहून उंच रस्तेही झाले आहेत. फलकाजवळच्या फोटोसाठी शेवटच्या दिवशी जिवावर उदार होण्यात काही अर्थ नाही. वाटेतल्या मोरे मैदानाचे चाळीस किलोमीटर, चारी बाजूंना डोंगर आणि मधोमध सरळ गेलेला रस्ता, हे या सहलीचं खरं देणं आहे, आणि तिथे उंचीचा विक्रम नाही.

एक गोष्ट हिंगोली आणि शेजारच्या यवतमाळ, नांदेड, वाशीम जिल्ह्यांतल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. विदर्भ-मराठवाड्याच्या या पट्ट्यात, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक आढळतात. वाहक माणूस एरवी ठणठणीत असतो, त्याला स्वतःलाही हे माहीत नसतं. पण विरळ हवेत, पाणी कमी पडलेलं असताना आणि अंगमेहनत चालू असताना त्याच्या रक्तपेशी वेड्यावाकड्या होऊन प्लीहेचा रक्तपुरवठा तोडू शकतात. पोटात डाव्या बाजूला उठणारी ही कळ लोक खाण्यापिण्याची बाधा समजतात. यासाठीची प्राथमिक तपासणी बोटातून काढलेल्या थोड्याशा रक्तावर होते. वाहक असलेल्यानं सायकल सोडायची गरज नाही. चिखलदरा, उटी त्याला खुलं आहे, लडाखचा निर्णय मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावा. रजेचा अर्ज देण्याआधी, सायकल खोक्यात बांधण्याआधी, सरकारी रुग्णालयात जाऊन हिमोग्लोबिन आणि सिकलसेल या दोन तपासण्या करून घ्या. आणि रजा मागताना पंधरा दिवसांहून कमी मागू नका.